कोकणात सहा दिवस बाइकवर: घाट सकाळी, फेरीबोट दुपारी, मुक्काम उजेडात

दर दिवाळीनंतर मला एक फोन ठरलेला असतो. "अरे, दाभोळला आलोय, पण बोट गेली." फोन करणारा दरवेळी वेगळा, चूक मात्र तीच. मी गुहागरचा. खाडीपलीकडे दाभोळच्या जेट्टीवर उभ्या असलेल्या माणसाला समोर धोपाव्याचे दिवे दिसत असतात आणि इकडे घरी त्याचं ताट वाढलेलं असतं. मध्ये वाशिष्ठीची खाडी. रस्त्याने यायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा सव्वाशे-दीडशे किलोमीटरचा वळसा, तोही रात्री.

ही माणसं काही नवखी नसतात. लेहला जाऊन आलेलेही यात असतात. त्यांचं बिघडतं ते किलोमीटर मोजण्यात. कोकणात दिवस आखायचा तो घाट, खाडी आणि सूर्यास्त यांच्या हिशेबाने. तो कसा आखायचा ते पायरीपायरीने सांगतो. उदाहरणाला मार्ग धरलाय पुणे, ताम्हिणी, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, रत्नागिरी आणि आंबा घाटाने परत. तुमचा मार्ग वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा.

## १. आधी तारखा, मग मार्ग

पहिल्यांदा कोकणात बाइक घेऊन येणार असाल तर नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीअखेर हा काळ धरा. पावसाळ्यात घाट सुंदर दिसतात हे खरं. पण दरड, धुकं आणि शेवाळ तिन्ही एकदम भेटतात, आणि समुद्र खवळला की फेरीबोटही बंद राहते. ऑक्टोबरात भातकापणी चालू असते. गावातल्या अरुंद रस्त्यावर अचानक पेंढ्याचा भारा घेतलेला माणूस नाहीतर बैलगाडी समोर येते.

टाळायच्या तारखा: दिवाळीची सुट्टी, नाताळ ते एक जानेवारी, आणि शनिवार-रविवारला जोडून आलेली कुठलीही सुट्टी. गणपतीत तर मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग असते, तिथे बाइकलाही फट मिळत नाही. शिमग्यात येणार असाल तर पालख्या रस्त्यावर असतील हे धरून चाला. पालखी दिसली की बाजूला घ्या, इंजिन बंद करा, हेल्मेट काढा आणि ती पुढे जाईपर्यंत थांबा. हॉर्न वाजवून वाट काढणाऱ्याची गाडी गाववाले अडवतात, आणि बरोबर करतात.

तपासा: निघण्याच्या आदल्या दिवशी जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही घाट चालू आहेत का याची खात्री करा. करूळ घाट रुंदीकरणासाठी २०२४ मध्ये कित्येक महिने बंद होता. वैभववाडीपर्यंत येऊन मग भुईबावडा घाटाने वळलेले लोक मला माहीत आहेत. वरंध घाट तर पावसाळ्यात बंद ठेवण्याचे आदेश वारंवार निघतात. नकाशावर रस्ता निळा दिसतो म्हणजे तो उघडा आहे असं नाही.

## २. दिवस तासांत आखा

किनाऱ्याच्या रस्त्यावर सरासरी वेग ताशी पंचवीस ते तीस किलोमीटर धरा. कमी वाटेल. पण दर दोन-तीन किलोमीटरला गाव, गावात शाळा, शाळेपाशी गतिरोधक, पुढे खाडीचा चढ-उतार आणि मग समोर एसटी. यात चहा आणि फोटो धरलेले नाहीत.

पहिला दिवस: पुणे, ताम्हिणी, माणगाव, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. साधारण १७० किलोमीटर. शेवटचा महामार्गाचा दिवस सोडला तर सगळ्यात लांबचा पल्ला पहिल्याच दिवशी, कारण माणूस आणि गाडी दोघं ताजे असतात.

दुसरा: बागमांडला-वेसवी फेरी, केळशी, आंजर्ले, हर्णे, मुरुड. हे मुरुड दापोलीचं, जंजिऱ्याचं नव्हे. चुकीच्या मुरुडात खोली बुक करून बसलेले दोन गट मी पाहिलेत. दोन्ही मुरुडांच्या मध्ये खाड्या आहेत.

तिसरा: दापोली, दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, वेळणेश्वर.

चौथा: हेदवी, तवसाळ-जयगड फेरी, मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी.

पाचवा: हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट, मलकापूर, कोल्हापूर.

सहावा: महामार्गाने पुणे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचे किलोमीटर बघून "एवढंच?" असं म्हणत बहुतेक जण हे दोन दिवस एकात कोंबतात, आणि मग दाभोळहून मला फोन येतो. एका दिवसात एकच फेरी, हा नियम पहिल्या खेपेला तरी मोडू नका.

सकाळी सातच्या आत गाडी सुरू, साडेचारला शेवटचा चहा, साडेपाचला खोलीच्या दारात. हिवाळ्यात इकडे सहाच्या सुमारास सूर्य बुडतो, आणि डोंगराच्या पोटातल्या गावात अंधार त्याच्याही आधी उतरतो.

## ३. गाडी: पंधरा दिवस आधी, आदल्या दिवशी नव्हे

सव्वाशे-दीडशे सीसीची गाडी या रस्त्याला पुरते. गाडी मोठी असण्यापेक्षा नीट असणं महत्त्वाचं. सर्व्हिसिंग निघण्याच्या पंधरा दिवस आधी करा आणि मग तिच्यावर शंभर-दोनशे किलोमीटर फिरा. गॅरेजातून काल आलेल्या गाडीचा ढिला राहिलेला नट आज ताम्हिणीत सापडतो.

ब्रेककडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. पॅड अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर बदला. ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर तेही बदला, कारण हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. एरवी ते कळत नाही. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या ओलीची वाफ होते आणि लिव्हर स्पंजासारखा दबतो. मागे ड्रम असेल तर शू आणि केबल दोन्ही बघून घ्या.

टायरच्या खाचेत झिजेची खूण असते. रबर तिथपर्यंत आलं असेल तर टायर घरीच बदला. चेनचा सैलपणा मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच ठेवा. मागे माणूस आणि सामान घेणार असाल तर ते बसवूनही एकदा तपासा, कारण वजन आलं की ताण बदलतो. क्लच आणि ऍक्सिलरेटरची एकेक जादा केबल सीटखाली ठेवा. तुमच्या मॉडेलची केबल केळशीत मिळेलच असं नाही. केबल असेल तर बसवून देणारा मात्र गावोगाव मिळतो.

तपासा: सामान लादून, मागचा माणूस बसवून घराजवळच्या एखाद्या उतारावर दोन्ही ब्रेक जोरात लावून बघा. गाडी नेहमीपेक्षा किती पुढे जाऊन थांबते ते इथेच कळलेलं बरं.

## ४. सामान

कमी आणि खाली. जड वस्तू बाजूच्या बॅगांत, हलक्या वर. बॅगेचे पट्टे लोंबत ठेवू नका, आणि सायलेन्सरच्या बाजूची बॅग त्याला टेकत नाही हे हात घालून बघा. मागे बसणाऱ्या बाईंची ओढणी आणि पदर जॅकेटच्या आत. चाकात ओढणी जाऊन झालेले अपघात या रस्त्यांवर कमी नाहीत. मागच्या माणसालाही पूर्ण हेल्मेट हवं.

पंक्चर किट आणि छोटा पंप, चेनचा स्प्रे, जुनं फडकं, टॉर्च, दोन मोठ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि सुटे पैसे. जेट्टीवर नेटवर्क रुसलं की क्यूआर कोड नुसता बघत बसावा लागतो. नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. कागदपत्रं फोनमध्ये असली तरी छापील प्रत जवळ असू द्या. अडचणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८.

पेट्रोल: टाकी अर्धी झाली की पंप शोधा. पिरंगुट-पौडच्या आसपास भरलंत की माणगावपर्यंत कशावरही भिस्त ठेवू नका. पुढे श्रीवर्धन, दापोली, गुहागर, रत्नागिरी ही भरायची गावं. मध्येच दुकानातली बाटली घ्यायची पाळी येऊ देऊ नका.

## ५. घाट उतरणं

इथे जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात.

चढताना माणूस सावध असतो आणि उतरताना खूश. त्यात गाडी आपोआप पळते, म्हणून काही जण पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करतात. हे कधीही करू नका. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये तो उतरा, बहुतेक वेळा दुसऱ्या किंवा तिसऱ्या. ऍक्सिलरेटर सोडला की इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवतं. ब्रेक फक्त वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, दोन्ही मिळून लावायचा आणि सोडून द्यायचा. वळणात शिरल्यावर ब्रेक नाही.

माझी चूक सांगतो. कराडहून कुंभार्ली घाट उतरत होतो. मागे भाऊ, बाजूला दोन बॅगा, पैकी एकीत गुळाची ढेप. गाडी चौथ्या गिअरमध्ये आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर सतत टेकलेला, अगदी हलकाच. पोफळी गावाच्या वर कुठेतरी जळकट वास आला. मला वाटलं पुढच्या ट्रकचा. दोन वळणं गेल्यावर पेडल दाबलं तर ते खाली गेलं आणि गाडी तशीच पुढे. पुढच्या ब्रेकवर आणि गिअर खाली टाकत थांबलो. मागची डिस्क निळसर झाली होती. भावाने बाटली काढून तिच्यावर पाणी ओतायला हात उचलला, तो मी धरला. तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं तर ती वाकते. अर्धा तास कठड्यावर शेंगदाणे खात बसलो. पेडल परत आलं, पण चिपळूणपर्यंत दुसऱ्या गिअरवरच आलो. पाय टेकवून ठेवायची सवय तेव्हा मोडली.

आता घाटातल्या बाकी गोष्टी:

वळणावर डावीकडे राहा. समोर कोणी नाही म्हणून आतून कापू नका, कारण त्याच क्षणी वळणाच्या पलीकडून एसटी बाहेर काढून येत असते. हेअरपिन वळणात एसटीला सगळा रस्ता लागतो. त्यात ड्रायव्हरचा काही दोष नाही. ती येताना दिसली की वळणाच्या अलीकडेच थांबा आणि तिला जाऊ द्या.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. उतरणारा थांबू शकतो. भरलेला ट्रक चढावर थांबला तर तो परत निघताना मागे येतो.

वळणावर रस्ता काळा आणि चमकता दिसला तर ते डिझेल समजा. तांबडा दिसला तर जांभ्याची खडी किंवा माती. दोन्हींवर ब्रेक लावू नका, गाडी तिरकी करू नका, वेग आधीच कमी करा.

थांबा: ताम्हिणीत शनिवार-रविवारी रस्त्याच्या कडेला गाड्या लावून लोक मधोमध फोटो काढत असतात. शक्य असेल तर हा घाट शुक्रवारी किंवा त्याआधीच्या एखाद्या दिवशी उतरा आणि नऊच्या आत घाटाखालच्या विळे गावात पोचा. दरीच्या बाजूला, वळणावर गाडी लावून फोटो काढू नका. सरळ रस्ता आणि रुंद कड मिळेपर्यंत धीर धरा.

## ६. फेरीबोट

तीन टप्पे: वेळ विचारणं, चढणं, उतरणं.

वेळ. आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी विचारा: पहिली बोट किती वाजता, दुपारी मध्ये खंड पडतो का, शेवटची किती वाजता. इंटरनेटवरच्या वेळेवर विसंबू नका. मोसमाप्रमाणे वेळा बदलतात. शेवटच्या बोटीने जाण्याचा बेत कधीच करू नका. निदान दोन बोटी हातात ठेवा.

यासोबत भरतीचाही अंदाज हवा. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पण जेट्टीचा उतार कोरडा मिळेल की शेवाळलेला, हे त्यावरून कळतं. ओहोटीला पाणी खाली जातं, एरवी बुडालेला भाग उघडा पडतो आणि तिथे पाय ठेवला तरी सटकतो.

चढणं. मागच्या माणसाला उतरवून चालत पाठवा. पहिला गिअर, दोन्ही पाय जमिनीजवळ, क्लच अर्धा, सरळ रेषेत. बोटीची लोखंडी फळी ओली असते. तिच्यावर पुढचा ब्रेक लावलात तर गाडी आडवी झालीच म्हणून समजा. मागचा ब्रेक, हलकेच. पुढची गाडी पूर्ण आत जाऊन थांबल्याशिवाय निघू नका. उतारावर मध्ये थांबायची वेळ आली की माणूस घाबरून नेमका पुढचा ब्रेक दाबतो. बोटीवरचे खलाशी हाताने इशारा करतात, तो पाळा. त्यांचा दिवस यातच जातो.

आत गेल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडल डावीकडे वळवा, साइड स्टँड लावा. पुढच्या ब्रेकचा लिव्हर रबरबँडने किंवा दोरीने आवळून ठेवला तर उत्तम. मग कठड्यापाशी गर्दी करायला न जाता गाडीजवळच उभे राहा. पलीकडचा धक्का लागताना बोट हलते, आणि शेजारच्या कारच्या दारावर तुमचं हँडल आपटलं तर वाद रत्नागिरीपर्यंत पुरतो.

उतरणं. चढण्याची सगळी पथ्यं इथेही लागू. फळी ओलांडली की लगेच जोर देऊ नका. चाकाला पाणी आणि शेवाळ लागलेलं असतं. पन्नास मीटर सावकाश जा, दोनदा हलका ब्रेक मारा, मग माणसाला बसवा.

बोट चुकली तर: बागमांडल्याला चुकली तर आंबेत-म्हाप्रळच्या पुलाचा वळसा आहे. दाभोळला चुकली तर रात्री खेड-चिपळूणमार्गे पळत सुटू नका. दापोलीला मागे फिरा, खोली घ्या, पुढच्या यजमानाला फोन करा आणि सकाळच्या पहिल्या बोटीला या. ज्याने मला फोन केला त्या प्रत्येकाला मी हेच सांगितलंय. ऐकलं एकानेच.

## ७. गावातले रस्ते, पाखाड्या आणि पुळण

नकाशा जवळची वाट दाखवतो. कोकणात ती जवळची वाट बऱ्याचदा पाखाडी निघते: दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे (दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती), मध्ये दगडी पायऱ्या, आणि शेवटी कोणाचं तरी अंगण. रस्ता अचानक अरुंद होऊन गडगे सुरू झाले की तिथेच थांबा आणि माणसाला विचारा. "पुढे फोर व्हीलर जाते काय?" असं विचारा. "रस्ता आहे काय?" असं विचारलंत तर उत्तर नेहमी "आहे" असंच येतं, कारण चालणाऱ्याला तो असतोच.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी नेऊ नका. वाळू ओली असताना रस्त्यासारखी घट्ट वाटते आणि गाडी थांबवली की चाक खाली बसायला लागतं. भरती चढत असेल तर ओढून काढायला मिनिटंच मिळतात. गाडी वाचली तरी खारं पाणी बेअरिंगमध्ये आणि वायरिंगमध्ये जातं. त्याचा खर्च दोन महिन्यांनी घरी येतो.

## ८. मुक्काम आणि संध्याकाळची दहा मिनिटं

घरगुती खोली घेतलीत तर जेवण सकाळीच सांगा. इथे ताट मागणीप्रमाणे शिजतं. वेळणेश्वरच्या वाटेवर एकदा आम्ही आठ वाजता दारात उभे राहिलो आणि मासे मिळतील का विचारलं. काकू म्हणाल्या, "सकाळी फोन केला असतात तर आणून ठेवले असते. आता पिठलं-भात चालेल काय?" चाललं, आणि छान चाललं. पण सुरमईसाठी २०० किलोमीटर आलेल्या मित्राचा चेहरा मी विसरलेलो नाही.

खोलीत शिरायच्या आधी गाडीकडे बघा. डिस्क गार झाली की एक बादली गोडं पाणी मागून चेन, डिस्क आणि इंजिनचा खालचा भाग धुवा. विहिरीचं पाणी असेल तर आधी चव बघा, किनाऱ्यालगतच्या काही विहिरी मचूळ असतात. पाणी निथळलं की चेन पुसून स्प्रे मारा. टायरवर हात फिरवून खिळा, काच बघा. सामानाचे नट हाताने हलवून पाहा.

सकाळी डिस्कवर तांबूस गंजाचा पापुद्रा दिसेल. घाबरू नका, खारी हवा रात्रीत तेवढं करतेच. अंगणातच दोन-तीनदा ब्रेक मारला की जातो. मात्र तो न घालवता थेट उताराला लागू नका.

## ९. परतीचा घाट

पाचव्या दिवशी अंग दुखत असतं आणि मन घरी पोचलेलं असतं. म्हणून आंबा घाट सकाळीच चढा. रत्नागिरीहून सातला निघालात तर साखरप्याला नाश्ता होतो आणि दुपारपर्यंत घाटमाथ्यावर असता. हातखंब्यापुढे कामामुळे रस्ता कुठे वळवलेला असेल तर तात्पुरत्या फलकांकडे बघा, नकाशाकडे नको.

चढताना इंजिन कुंथायला लागलं की लगेच गिअर खाली. धूर सोडणाऱ्या ट्रकच्या मागे राहावं लागलं तर राहा. वळणावर त्याला ओलांडू नका.

थांबा: आंब्याच्या जंगलात गवे आहेत. तिन्हीसांजेला आणि रात्री ते रस्त्यावर येतात. अंधारात त्यांचा काळा रंग हेडलाइटमध्येही उशिरा दिसतो. दिसला तर लांबच थांबा, दिवा डोळ्यांवर मारू नका, हॉर्न वाजवू नका. एक गेला म्हणजे सगळे गेले असं नाही. मागचे येईपर्यंत वाट बघा.

त्याच दिवशी पुणे गाठायचा हट्ट नको, कोल्हापुरात झोपा. सहाव्या दिवशी घरी पोचल्यावर गाडी आठवडाभर तशीच उभी ठेवू नका. दुसऱ्याच दिवशी वॉशिंगला द्या, खालच्या बाजूने पाणी मारायला सांगा, ब्रेक उघडून बघायला सांगा. ड्रम उघडला की तांबड्या मातीची पूड बाहेर पडते. ती फडक्याने पुसायची, फुंकर मारायची नाही, डोळ्यांत जाते.